अडलं तिथे रेघ

दर्शना रोकडे आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवत असत. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी ऑर्डर. त्यांच्या सगळ्या ऑर्डरी माझ्या टेबलावरून गेल्या, कारण कार्यालय माझ्याकडे आहे. मी वाणिज्य शाखेचा. गणिताशी माझा संबंध टक्केवारीपुरता. पण शहापूरच्या आमच्या इमारतीत प्रथम वर्ष विज्ञानाचा वर्ग आणि कार्यालय यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे. त्यामुळे कॅल्क्युलस मला समजलं नाही तरी बाईंनी ते कसं शिकवलं, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो.

बाई मूळच्या उंबरमाळीच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, थळ घाटातल्या रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. ते गेल्यावर आई गोजाबाई आणि दर्शना दोघीच घरात राहिल्या. लग्न झालं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. बी.एस्सी. त्यांनी आमच्याच कॉलेजात केली आणि अंतर्गत परीक्षेत त्यांना गणितात चाळीसपैकी एकोणचाळीस मिळाले होते. वर्गातल्या बहुतेकांना तेवढेच मिळाले होते. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. लेखी पेपर साठ गुणांचा असतो आणि तो खेड्यापाड्यातल्या मुलांना जड जातो. अंतर्गत गुण मात्र वर्गावरचा शिक्षक देतो. तेव्हा तिथे हात सैल सोडायचा आणि मुलाला वर उचलायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. प्राचार्यांना नाही, पालकांना नाही, आणि खरं सांगायचं तर कार्यालयालाही नाही. निकाल चांगला लागला की पुढच्या वर्षी तुकडी टिकते.

त्या एकोणचाळीस गुणांचं पुढे काय झालं, हे बाई दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत. एम.एस्सी.ला मुंबईला गेल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यापाशी बोलावलं. उदाहरण सोपं होतं, पण हात चालेना. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला नेमकं काय कळलं नाही?" आणि बाईंना ते सांगता येईना. काय येत नाही, हेच माहीत नव्हतं. पहिल्या वर्षात त्या दोनदा नापास झाल्या. मग ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःपुरती एक रीत काढली. उदाहरण सोडवायला घ्यायचं, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारायची, आणि रेघेखाली लिहायचं की इथे काय अडलं. दुसऱ्या दिवशी त्या रेघेपासून पुढे सुरुवात.

तीच रीत त्यांनी आमच्या वर्गाला लावली. चाचणीत उदाहरण पूर्ण सुटलं तर पूर्ण गुण. अडलं, पण रेघ मारून कुठे आणि का अडलं ते नीट लिहिलं, तर निम्मे. उरलेले निम्मे हवे असतील तर आठवड्याच्या आत बाईंच्या टेबलाशी येऊन उरलेलं उदाहरण त्यांच्यासमोर सोडवायचं. गाईडातलं उत्तर पाठ करून उतरवलं आणि मधली एखादी पायरी विचारल्यावर सांगता आली नाही, तर शून्य.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षीचा पहिला तास मला आठवतो. डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरून आलेली कुणाली आगिवले नावाची मुलगी वर्गात होती. मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. बारावीला गणितात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, म्हणून बाईंनी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. तिने भराभर लिहून उत्तर काढलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ही तिसरी ओळ कुठून आली?"

"गाईडात तशीच आहे मॅडम."

वर्ग हसला. "मग परीक्षेला गाईडालाच बसवू या का? त्याचा पास काढू, वसतिगृहात खोली देऊ," बाई म्हणाल्या. कुणालीही हसली असावी, कारण बाई पुढे म्हणाल्या, "हसतेस काय, रेघ मार. दुसऱ्या ओळीखाली. आणि लिही."

"काय लिहू?"

"तिसरी कशी आली ते मला येत नाही, असं लिही. त्यात लाज कसली?"

मागच्या बाकावरून अनिकेत नावाचा, वासिंदकडून येणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळ्याच गणितांना रेघ मारली तर निम्मे गुण मिळून मी पासच की!"

"मारून बघ."

पहिल्या चाचणीत त्याने खरोखरच प्रत्येक उदाहरणाखाली रेघ मारली आणि लिहिलं, सगळंच अडलं. बाईंनी त्याला शून्य दिलं. "सगळं कधीच अडत नाही, अनिकेत. कुठून अडलं ते शोध, मग ये," असं त्यांनी त्याला सांगितलं. तो चिडून माझ्या खिडकीशी तक्रार अर्ज मागायला आला, मी दिला, आणि तो भरून न देताच परत वर्गात गेला. दिवाळीच्या आधी तोच बाईंच्या टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ उभा असायचा.

कुणाली तर रोज असायची. एक मोठी अडचण तिची पुष्कळ दिवस सुटत नव्हती. एप्सिलॉन दिला असता डेल्टा कसा निवडायचा, ही ती अडचण. एवढं मला भिंतीपलीकडून पाठ झालं होतं. "एवढ्या फटीत बसायला हवं, तर पाऊल किती लहान टाकायचं, ते तूच ठरवायचंस," बाई सांगायच्या. कुणाली म्हणायची, "आमच्या पाड्याच्या वाटंवर तर पाऊल वाटच ठरवते मॅडम." बाई यावर मोठ्याने हसल्या होत्या. त्या एरवी फार हसत नसत.

या रीतीमुळे बाईंच्या विषयात अंतर्गत गुण कमी दिसत. भौतिकशास्त्रात अडतीस, रसायनात सदतीस आणि गणितात बावीस. प्राचार्य दर वर्षी बोलत. "मॅडम, अंतर्गत गुण आपल्या हातातले असतात. हातातलं द्यायला काय जातं?" बाई म्हणत, "माझे नाहीत सर ते, त्यांचे आहेत. जेवढे आहेत तेवढेच देते." तरीही ऑर्डर मिळत राहिली, कारण वेळेवर येणारा दुसरा गणिताचा माणूस त्या मानधनात मिळत नव्हता. आणि लेखी पेपरात बाईंचा निकाल वाईट नसायचा. त्यातली एक गोष्ट मात्र तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. पहिल्या वर्षाचे लेखी पेपर तोपर्यंत कॉलेजातच तपासले जात. म्हणजे गणिताचे पेपर बाईच तपासत. मुलांनी सवयीने तिथेही रेघ मारली, तरी बाई त्याला लेखीत एकही गुण देत नसत. रेघेपर्यंतच्या पायऱ्यांचे काय ते गुण देत आणि पान उलटत. त्या रेघेने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या वर्षी ठरलं, की आमच्या भागातल्या कॉलेजांनी पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका एकमेकांकडे तपासायला द्यायच्या. परिपत्रक मीच सूचनाफलकावर लावलं. बाईंनी ते वाचलं. मुलांना रेघेबद्दल वेगळं काही सांगायला हवं, हे त्यांच्या मनात आलं नाही. पुढे त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं, फार तर गुण देणार नाहीत. रेघ ही काय शिवी आहे का?"

जानेवारीत निकाल लागला आणि आमच्या पाच विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवलेले आले. सोबत बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल. पाचही उत्तरपत्रिकांत एकाच प्रकारची पेन्सिलीची रेघ, म्हणजे ओळख पटावी म्हणून केलेली खूण. रेघेखाली परीक्षकाला उद्देशून मजकूर. कुणालीच्या पेपरात तर लिहिलं होतं, "मॅडम, इथपर्यंत येते. पुढे डेल्टा निवडताना अडले." परीक्षक पुरुष होते. त्यांनी 'मॅडम' या शब्दाभोवती लाल गोल काढला होता.

परीक्षकाला उद्देशून काही लिहिणं आणि उत्तरपत्रिकेवर खूण करणं, हे दोन्ही नियमाप्रमाणे गैरप्रकार आहेत. कॉपीच्याच रांगेत बसतात. नियम चुकीचा म्हणता येणार नाही. "सर, पास करा, लग्न मोडेल" असं लिहिणारे आणि नोटा टाचणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठीच तो नियम आहे. आरोप सिद्ध झाला तर पूर्ण सत्राची संपादणूक, म्हणजे सगळ्या विषयांचा निकाल, रद्द होते आणि पुढच्या दोन परीक्षांना बसता येत नाही. कुणालीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. वसतिगृहाच्या गृहपाल बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं, वर्ष गेलं किंवा एक विषय जरी राहिला तरी जागा गेली. आणि जागा गेली तर शहापूरला राहून शिकणं संपलं. पाड्यावरून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं.

चौकशी समिती बसली त्या दिवशी इतिवृत्त लिहायला मी होतो. आत जाण्याआधी प्राचार्यांनी बाईंना बाजूला घेतलं. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"मॅडम, एकच विचारतो. लेखी पेपरात रेघा मारा असं तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही. चाचणीपुरतंच होतं ते."

"मग तेवढंच सांगा. ते खरंच आहे. तुमचा प्रश्न मिटला."

"आणि मुलांचा?"

"मुलांनी स्वतःहून केलं, असं होईल."

"मी सांगितलं होतं म्हटलं तर?"

"तर त्यांचा हेतू वाईट नव्हता असं धरता येईल. फक्त गणिताचा पेपर रद्द होईल, एप्रिलमध्ये फेरपरीक्षा. पण परीक्षेत खुणा करायला शिकवणारा शिक्षक असा शेरा तुमच्यावर येईल. मग पुढच्या जूनमध्ये मी संस्थेला काय सांगू?"

बाई दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांकडे गेल्या.

पाच मुलांना एकेक करून आत घेतलं. कुणालीबरोबर तिचे वडील नथू आले होते. दिवाळीनंतर ते भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात, तिथून थेट आले होते. केसांत विटांची धूळ तशीच होती. समितीच्या अध्यक्षांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली.

"ही रेघ कोणी मारायला सांगितली?"

"मॅडम सांगतात तशीच मारली," कुणाली म्हणाली.

"आणि हे 'मॅडम' म्हणून कोणाला लिहिलंस?"

"मॅडमनाच."

"पेपर त्यांच्याकडे जाणार हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. पेपर मॅडमच बघतात ना?"

"तपासणाऱ्याशी काही ठरलं होतं? काही देणंघेणं?"

कुणालीला प्रश्न कळला नाही. नथूंना कळला. ते उभे राहिले. "सायेब, पोरीनं लिवलंय काय, का मला येत नाय. पैसं देनारा असा लिवल का? तो लिवल, मला सगला येतं!"

एक सदस्य हसले. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका, बसा." नथू बसले. हात गुडघ्यांवर ठेवून ते मुलीकडे बघत राहिले. आपली मुलगी काही चोरल्यासारखी टेबलापुढे उभी आहे आणि टेबलामागचे लोक तिच्या अक्षराकडे बोट दाखवत आहेत, एवढंच त्यांना दिसत होतं.

कुणालीची पाळी शेवटची होती; ती आणि नथू आतच असताना बाईंना बोलावलं. अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. लेखी पेपरातही असंच करा म्हणून. चूक माझी आहे, त्यांची नाही."

कुणालीने झटकन मान वर केली. "मॅडम, तुमी असा कवा सांगितला?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. बाई तिच्याकडे वळल्या आणि वर्गात बोलत त्याच आवाजात म्हणाल्या, "सांगितलं होतं. शेवटच्या तासाला. तुझं लक्ष नव्हतं त्या दिवशी."

"माझा लक्ष होता."

"नव्हतं, कुणाली. खाली बस."

ती बसली. माझ्या पेनाने 'शिक्षिकेने कबूल केले की' एवढं लिहून झालं होतं. पुढचं वाक्य मी पूर्ण केलं. बाईंनी खाली सही केली आणि तारीख घालायची राहिली म्हणून पुन्हा कागद मागून घेतला. चाचणीत अर्धा गुणही उगाच न देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर या खोट्यावर सही केली, आणि ती इतक्या सरळ अक्षरात की पुढे त्याबद्दल कोणालाच शंका आली नाही.

निर्णय प्राचार्य म्हणाले होते तसाच झाला. पेपर रद्द, फेरपरीक्षा एप्रिलमध्ये. मुलं आपसात बोलली असतीलच, पण बाहेर कोणी अवाक्षर काढलं नाही. परीक्षेच्या कामातून बाईंना वगळण्यात आलं. उरलेले तास त्यांनी नेहमीसारखे घेतले, पण रेघेचा शब्द पुन्हा भिंतीपलीकडून आला नाही. मुलं काही विचारत नसत. अडलं की गप्प बसत.

फेरपरीक्षेला पाचही जण बसले. अनिकेतने गाईड पाठ केलं आणि पास झाला. आणखी तिघं कसेबसे निघाले. कुणालीच्या उत्तरपत्रिकेचं पहिलं पान भरलेलं होतं आणि पुढची जवळजवळ कोरी. ती नापास झाली. जूनमध्ये वसतिगृहाची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

त्याच जूनमध्ये बाईंचा अर्ज मुलाखतीआधीच बाजूला काढण्यात आला. एका शनिवारी त्या अनुभवाचा दाखला घ्यायला आल्या. मी टाइप करत होतो आणि त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, तेवढ्यात खिडकीशी कुणाली आली. तिला कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता. मुरबाडला आत्याकडे राहून कलाशाखेला जाणार होती.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. "फेरपरीक्षेत काय झालं तुला? तो प्रश्न तुला येत होता. डेल्टाचाच होता."

"येत होता थोडा."

"मग येत होता तेवढा लिहायचा."

"लिवायला घेतला का हात थांबायचा मॅडम. वाटायचा, ह्यातला काय धरतील आणि काय नाय. मग नाय लिवला."

"पुढच्या वेळी लिही. मी शिकवते, फी नाही काही नाही. रविवारी ये उंबरमाळीला, नाहीतर मी येते."

कुणाली गजाला धरून उभी होती. "तुमी आमच्यासाठी खोटा बोललाव," ती म्हणाली. "बाबा म्हनतो, बाई चांगली हाय. पन तिकडं सगल्यांसमोर तुमी बोललाव का माझा लक्ष नव्हता. माझा एक तास पन चुकला नाय मॅडम."

"मला माहीत आहे."

"मंग?"

कुणाली अर्ज सरकवून निघून गेली. बाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, "तिचा दाखला आज काढू नका. सोमवारपर्यंत थांबा. मी उद्या पाड्यावर जाऊन येते." मी अर्ज ट्रेमध्ये ठेवला. स्वतःचा दाखला त्यांनी न वाचताच पर्समध्ये घातला.

सोमवारी नथू एकटेच आले. भट्टीचा हंगाम संपला होता, भाताच्या पेरणीची घाई होती, तरी आले. मी विचारलं, बाई आल्या होत्या का.

"आलत्या ना," ते म्हणाले. "भर पावसात. पोरगी घराच्या मागं जाऊन बसली, भायेर आलीच नाय. किती बोलवला मी. बाई वटीवर बसल्या, कोरा चा घेतला, माझ्या म्हातारीशी बोलल्या. मंग म्हनल्या, र्‍हावंद्या, तिला नका ओरडू. आनि गेल्या."

"पुन्हा येणार म्हणाल्या का?"

"नाय. तसा काय बोलल्या नाय."

आता बाई आसनगावच्या एका खाजगी शाळेत सातवीला अपूर्णांक शिकवतात, असं कळलं. कॅल्क्युलसला त्यांच्या जागी आलेले तरुण सर अंतर्गतला सगळ्यांना अडतीस देतात आणि यंदा निकाल चांगला लागला.

त्या सोमवारी मी नथूंसमोर कुणालीचा दाखला काढला. कॉलेज सोडण्याच्या कारणापुढे आम्ही सगळ्यांच्या दाखल्यावर लिहितो तेच लिहिलं, विद्यार्थिनीच्या विनंतीवरून. नथूंनी त्यावरचा शिक्का वाळेपर्यंत फुंकर घातली, मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला आणि सदऱ्याच्या आत, छातीशी धरून ते मुरबाडच्या गाडीची चौकशी करत बाहेर पडले.